बदाम राणी टाकू नका

"आबा, बदाम राणी टाकू नका. जीवरामनाना तिच्यावरच टपलेत."

रुपचंद आबांचं बोट मोबाइलच्या काचेवर टेकता टेकता थांबलं. संदेश पडद्याच्या माथ्यावर झळकला आणि गेला. धाडणारा नवल. आबांचा एकुलता एक पोरगा, मुक्काम धुळे. दीड वर्षात पोराचा बापाला आलेला हा पहिला शब्द, आणि तोही पत्त्यांचा! आबांनी शेजारच्या जीवरामकडे चोरून पाहिलं, राणी राखली आणि चौकटची तिर्री फेकली. पुढच्याच फेरीत जीवराम चितपट.

असोद्याला आबांच्या घरच्या ओट्यावर हे तीन म्हातारे मांडीला मांडी लावून बसायचे आणि पत्ते मात्र मोबाइलवर खेळायचे. करणार काय? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्ते खेळायला खान्देशात कोणाची ना नसते, पण या तिघांची आखाजी बारा महिने तेरा काळ चालायची. शेवटी आबांच्या घरधनीण मंजुळाबाईंनी अख्खा कॅटच चुलीत घातला. "आखाजीचे पत्ते आखाजीले! वरीसभर कायले?" मग तिसरा गडी, तोताराम, त्याने तोड काढली. मोबाइलमधली रमी, आपल्याच तिघांचं टेबल, पैशाचं नाव नाही, हरेल त्याने चहा आणायचा. मोबाइल काही चुलीत घालता येत नाही!

नवलशी आबांचं बिनसलं होतं ते केळीवरून. पोराने बाग सोडून धुळ्याला कॅमेऱ्यांचं दुकान टाकलं. "घरची केळी सोडून लोकायच्या भिंतीले डोळे लावत फिरशीन? तोंड दाखवू नको माले," असं आबा रागाच्या भरात बोलून गेले. पोरगंही बापाच्याच वळणाचं. खरंच दाखवलं नाही. पुढे गावात विहिरींवरच्या मोटारींच्या केबली चोरीला जायला लागल्या, तेव्हा त्याने आईला सांगून माणूस धाडला आणि ओट्यावर कॅमेरा बसवून घेतला. आबांचा नुसता तिळपापड. "त्याले म्हटलं, तोंड दाखवू नको. तर आता हाच तिथून माझं तोंड पाहत बसतो! अन् ऐकतोबी म्हने!"

"कॅमेऱ्याचं काय घेऊन बसला तू," तोताराम म्हणाला. "मोबाइलबी कान टवकारून असतो. काल मी दोनदा खोकललो, तर आज कफाच्या औषधाची जाहिरात आली. या जगात आता झाकून राह्यलं काय?"

आबांना हे सगळं पटत होतं, बदाम राणीचा तो संदेश येईपर्यंत. त्या दिवसानंतर मात्र त्यांनी कॅमेऱ्याला शिव्या देणं सोडलं. जीवरामची जागा बरोबर कॅमेऱ्याखाली, त्यामुळे त्याची पानं धुळ्याला लख्ख दिसायची. "किलवर सोडा." "इस्पिक राजा ठेवा." आबा जिंकत सुटले. मग पत्त्यांच्या मधूनच दुसरं काही यायला लागलं. "पाय सुजलेला दिसतो. दाखवला का कोणाला?" "गोळी घेतली?" आबा एका बोटाने उत्तर टाइप करायचे. "घेतली." एकदा त्यांनी धीर करून लिहिलं, "केळीला घड झ्याक लागलेत." उलट उत्तर आलं, "कॅमेऱ्यात बाग दिसत नाही ना, आबा." ते वाचून आबांना डाव सुचेना. त्या दिवशी ते हरले.

तोताराम बोदवडला लग्नाला गेला आणि डाव बंद राहिला, तेव्हा मोबाइलही मुका झाला. आबा ओट्यावर एकटेच बसून राहिले, कॅमेऱ्याकडे पाहत. संदेश नाही. तेव्हा त्यांना कळून चुकलं, डाव आहे तर पोरगं आहे. त्यामुळे लबाडी चालू ठेवणं भाग होतं. मनाला टोचायचं, पण आबा ते टोचणं चहाच्या घोटाबरोबर गिळायचे. चहा अर्थात जीवरामने आणलेला.

आखाजी तोंडावर आली आणि प्रकरण हाताबाहेर गेलं. जीवराम पुन्हा हरला, तसा तोताराम मोबाइल आपटून उठला.

"जीवराम, एके काळी तुझ्यासमोर पान टाकायची कोनाची छाती नव्हती. तुझं डोकं कामातून गेलं, लिहून ठेव. उद्या तुले जळगावले मोठ्या डॉक्टरकडे नेतो. तुझ्या सूनबाईलेबी सांगतो, मीठ-मिरची लावून सांगतो."

जीवराम कसनुसा हसला. "म्हातारपन, दुसरं काय," म्हणाला. तोताराम गाडी ठरवायला तरातरा निघून गेला.

जीवराम आबांचा लंगोटीयार. त्याला वेडा ठरवून आपण बापपण भोगतोय? पण खरं बोलावं तर डाव मोडणार, आणि डावाबरोबर पोरगंही जाणार. आबांनी एकवार वर कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि बोलून टाकलं.

"जीवराम, तुझं डोकं शाबूत हाये. लबाड मी हाये. नवल तिथून तुझी पानं पाहतो अन् माले सांगतो. तुले काय शिव्या द्याच्या त्या दे. पन काय करू रे, पोरगं तेवढ्यापुरतंच बोलतं माझ्याशी."

जीवरामने शिवी दिली नाही. त्याने मोबाइल खाली ठेवला, दंड चोळला आणि मान वर करून थेट कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"ऐकलं का, नवल? आखाजीले घरी ये आता, बापा. तुले पानं नीट दिसावी म्हनून मोबाइल वर धरू धरू माझा दंड भरून आला!"