मेंदू कुणाकडचा

बारशाला आलेल्या सोनाराने बाळाचे कान टोचले आणि सोन्याच्या तारेतून झोपेचं सॉफ्टवेअर सोडण्याआधी नेहमीचा प्रश्न विचारला, "मेंदूची प्रणाली कुणाकडची? आईकडची आवृत्ती टाकू की वडिलांकडची?"

"नाक आमचं आहे," सासूबाई लगेच म्हणाल्या, "म्हणजे डोकंही आमचंच."

"अहो विहीणबाई, नाकात का मेंदू असतो?" ईशानीची आई पेढ्यांचा बॉक्स बंद करत म्हणाली.

ईशानीने आपल्या बाळाला जवळ ओढलं. आवृत्ती चुकली तर पोर दात येईपर्यंत दिवसा झोपणार आणि रात्रभर टक्क जागं राहणार, तेही तिच्याच मांडीवर. मनातून तिला आईकडचीच हवी होती. पण बाळ जन्मल्यापासून ती त्याच्याकडे डोळ्यांत तेल घालून बघत होती. ते दूध पिता पिता घोट तोंडात ठेवून झोपायचं. तिचे सासरे अप्पा बोलता बोलता वाक्य अर्धं टाकून झोपतात, अगदी तस्संच. आत्ताही ते कोपऱ्यातल्या खुर्चीत झोपलेच होते.

"वडिलांकडची टाका," ती नाइलाजाने म्हणाली.

सासूबाईंनी पदर सावरून सगळ्यांवर नजर फिरवली. सोनाराने बटण दाबलं. रडणारं बाळ शांत झालं, झोपलं आणि चक्क घोरायला लागलं, खर्जात सुरू करून शेवटी बारीक शिट्टी. कोपऱ्यातून अप्पांची तश्शीच शिट्टी आली.

या शिट्टीपायी लग्नापासून दुसऱ्या खोलीत झोपणाऱ्या सासूबाईंनी दोन्हीकडे नीट कान दिला.

"घोरणं मात्र तुमच्याकडचं दिसतंय हो," त्या विहीणबाईंना म्हणाल्या.