आठ किलो

"आठ किलो," डॉक्टर म्हणाले. "तीन महिन्यांत आठ किलो उतरवा. आत्ता तुमच्या लिव्हरवर चरबी आहे, त्यातला तुकडा आम्हाला घेता येणार नाही."

संघमित्राने मान हलवली. शेजारच्या खुर्चीत तिचा मोठा भाऊ प्रबुद्ध बसला होता. लिव्हरमध्ये गाठ, डोळे पिवळे, पोट फुगलेलं. त्याच्या बायकोचं, विमलाचं रक्त जुळलं नव्हतं, बहिणीचं जुळलं होतं. सहा वर्षांनी बहीण-भाऊ एका खोलीत आले होते ते एवढ्यासाठीच. आई गेली तेव्हा प्रबुद्ध बदलीच्या गावाहून उशिरा पोचला होता. पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळ्यांदेखत संघमित्रा त्याला म्हणाली होती, की पाहुणेसुद्धा तुझ्या आधी आले. तेव्हापासून बोलणं बंद. उठता उठता डॉक्टरांनी तिचीही साखर काठावर आल्याचं सांगितलं. तिने ते कानाआड केलं. प्रबुद्धने केलं नाही.

ती घाटकोपरला पंतनगरमध्ये एकटी राहायची. आईच्या मधुमेहाच्या दुखण्यात लग्नाचं राहूनच गेलं, आणि आई गेल्यावर स्वयंपाकाचंही. एका माणसासाठी कुकर कोण लावणार? रात्री टीव्हीसमोर चहा आणि खारी, नाहीतर ऑफिसातून येताना बांधून आणलेले दोन वडापाव. जेवलीस का, असं विचारणारं कुणी उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला फोन वाजला.

दादाचा होता. झोप येत नाही म्हणाला. उठलीस का, विचारलं. ती हो म्हणाली. मग चाल म्हणाला, आणि फोन ठेवला.

त्या दिवशी घराजवळच्या मैदानाला दोन फेऱ्या मारून ती धापा टाकत परतली. तिसऱ्या दिवशी त्याने फोन ठेवला नाही. ती चालत राहिली, तो ऐकत राहिला. समोर काय दिसतंय, असं त्याने विचारलं. तिने सांगितलं, की एक म्हातारे गृहस्थ उलटे चालतायत आणि त्यांची बायको पुढे राहून त्यांना सांभाळतेय. तो हसला. मग हे रोजचंच झालं. तिचे पाय आणि त्याचे कान, अशी दोघं मिळून मैदानाला फेऱ्या मारू लागली.

बाकीचं त्यानेच एकेक करून लावून दिलं. पहिल्या आठवड्यात चहातली साखर गेली. दुसऱ्या आठवड्यात खारी. मग ताटाऐवजी लहान ताटली, आठच्या आत जेवण, ज्वारीची एक भाकरी आणि पालेभाजी. ऑफिस अंधेरीला होतं. मेट्रोतून दोन स्टेशनं आधी, चकाल्यालाच उतरायचं आणि पुढे पायी जायचं. रात्री काय जेवलीस, हे तो सकाळी विचारायचा. खोटं सांगायला लाज वाटायची, म्हणून ती खरंच कुकर लावू लागली.

मुलुंडला त्याच्या घरी भेटायला येते म्हटलं की तो नको म्हणायचा. संसर्गाची भीती आहे, डॉक्टरांनी कुणाला येऊ देऊ नका सांगितलंय. ऑपरेशनच्या दिवशी भेटूच. त्याचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत होता. वाक्य अर्ध्यात सुटायचं. ते ऐकलं की ती पावलं भराभर उचलायची. आपल्याकडूनच उशीर होतोय, असं तिला वाटायचं.

एकदा चालता चालता तिने त्या दिवशीच्या बोलण्याची माफी मागितली. तो म्हणाला, की मी उशिरा आलो हे खरंच होतं.

अकराव्या आठवड्यात काटा एकाहत्तरवर आला. पूर्ण आठ किलो. तिने घाटकोपरलाच सोनोग्राफी करून घेतली. रिपोर्टमध्ये लिव्हर स्वच्छ होतं. रविवारी, फोनही न करता, ती तो कागद घेऊन मुलुंडला गेली.

विमलाने दार उघडलं. आतल्या खोलीत प्रबुद्ध झोपला होता. पांघरुणाखाली माणूस आहे की नाही, असा. नाकात ऑक्सिजनची नळी. संघमित्राने रिपोर्ट पुढे केला. विमलाने तो वाचला, घडी घातली आणि पदर तोंडाशी धरला.

"ताई, ऑपरेशन होणार नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "गाठ फुप्फुसापर्यंत गेलीय. आम्हाला दुसऱ्याच आठवड्यात सांगितलं होतं. हे म्हणाले, तिला कळवू नकोस. कळलं तर ती चालायची थांबेल, आणि आईसारखीच जाईल."

संघमित्राने तो कागद विमलाच्या हातातून घेतला, पर्समध्ये टाकला, आणि आत जाऊन पलंगाच्या कडेला बसली.

प्रबुद्धने डोळे उघडले. तिला बघून तो आधी घाबरला. मग तिचे बारीक झालेले खांदे, सैल पडलेला ड्रेस, सगळं नीट न्याहाळलं.

"मितू," तो म्हणाला. "काय म्हणाले डॉक्टर?"

तिने त्याचा हात हातात घेतला.

"अजून दोन किलो हवेत म्हणाले, दादा. उद्या साडेपाचला उठव मला."