सोनेरी की रुपेरी

भारीतलं शाईपेन खिशाला लावून साडूची जिरवायची, एवढ्यासाठी वकीलसाहेबांनी दुकानात दोन तास घालवले. सोनेरी उघड, रुपेरी उघड, पुन्हा सोनेरी.

"अहो, पेन बघताय की सून?" बायको वैतागली.

शेवटी सोनेरी घेतलं. घरी येऊन बघतात तर पेन सोनेरी आणि टोपण रुपेरी! उघडझापीत टोपणं बदलली होती. सकाळी ते तणतणत दुकानात गेले.

"दुसरं पेन कालच गेलं, साहेब. तुम्ही गेलात नि तुमचे साडू आले. रुपेरी पेनाला सोनेरी टोपण बघून हरखलेच! म्हणाले, असं दोनरंगी कुणाकडेच नसेल."

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं.

"आता हे खिशाला लावू नका हं. भावजी म्हणतील, माझी नक्कल केली!"