पाण्याखालचं पनवेल

काशिराम दारातच थांबला. एक पाय आत टाकला, खाली बघितलं आणि पाय मागे घेतला. मग त्याने चपला काढून हातात घेतल्या.

हॉलच्या पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या कुंदनने ते बघितलं. बाप परत निघाला, दुसरं काय!

कुंदनने बापाची होडी सोडून मुंबईत कॉम्प्युटरवर चित्रं करायचं शिक्षण घेतलं होतं. काशिरामला ते कधीच पचलं नाही. "पडद्यावरच्या म्हावऱ्याचं कालवन व्हतं का रं?" हा प्रश्न तो जेवायला बसला की विचारायचा, आणि तोही तोंडात खऱ्या म्हावऱ्याचा घास असताना. शेवटी बापलेकांत ठरलं. कुंदनने आपलं काम एकदा दाखवायचं. बापाला पटलं तर होडीतून कायमची सुटका, नाही पटलं तर नारळी पौर्णिमेनंतर निमूट होडीवर. कुंदनने तसा शब्दच दिला होता. देताना त्याला वाटलं होतं, आपण जिंकलोच.

आत पनवेल होतं, फक्त खाडीने परत घेतलेलं. प्रोजेक्टरांनी चारही भिंती आणि जमीन भरून टाकली होती. एसटी स्टँडवर तिवरांची गर्दी. पुलाच्या खांबांना कालवं चिकटलेली. पळस्पे फाट्यावर एक खंड्या पक्षी सिग्नलवर बसून लाल दिवा पाळत होता, आणि कळंबोलीचे ट्रक शेपट्या हलवत, एकामागोमाग एक, गोव्याच्या दिशेने पोहत होते. एवढी शिस्त त्या फाट्याने खऱ्या रस्त्यावर कधी बघितली नसेल.

लोक खूश होते. एका गृहस्थाला आपली सोसायटी सापडली. त्यांच्या पार्किंगमध्ये एक भलामोठा खेकडा बसला होता. "इथेही दुसऱ्याचीच गाडी!" म्हणून ते बायकोला दाखवत होते.

कुंदनची आई दमयंती तर आल्या आल्या पदर खोचून थेट मधोमध जाऊन उभी राहिली होती. तिचा जन्म मासे विकण्यात गेलेला. "अगो बाय, केवढा जिताडा!" ती ओरडली आणि वाकून त्याला पकडायला गेली. जिताडा तिच्या बोटांमधून निसटला. "लबाड हाय मेला," ती कौतुकाने म्हणाली.

भिंतींवरचं पाणी चढत चढत आता कमरेच्या वर आलं होतं. त्यात उभं राहून लोक सेल्फी काढत होते. एक पोरगी आइस्क्रीम खात होती.

"अवो, या की आत!" दमयंतीने नवऱ्याला हाक मारली. "परकी मान्सं बघतात, तुमी सोताच्या पोराचं बघायला लाजता व्हय?"

काशिराम जागचा हलला नाही. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. हाताने तो तिला काहीतरी खुणावत होता. चल घरी, असंच म्हणत असणार.

कुंदन गर्दीतून वाट काढत निघाला. दारापर्यंत पोचेपर्यंत तो मनाने होडीवर जाऊन बसलाही होता. त्याला रडू येत होतं आणि रडू येतंय याचाच राग येत होता. एवढं वर्षभर डोळे फोडून काम केलं, आणि बापाने आत पाऊलही टाकू नये?

"बाबा, सरळ सांगा," तो म्हणाला. "नाय पटलं ना?"

काशिरामने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. चपला काखेत मारून तो घाईघाईने पँट गुडघ्यांवर दुमडत होता.

"त्ये मागाहून बोल! भरती चढतेय, दिसत नाय व्हय? तुज्या आयला पोहता येत नाय, तिला आधी भायेर काढ!"