बदल्यात काही नको

बोहारणीने चकचकीत पातेलं पुढे केलं आणि प्रमिलाकाकूंचा हात सवयीने तिकडे गेला. आजवर असंच चालत आलं होतं. जुन्या साड्या घराबाहेर जायच्या, त्यांच्या बदल्यात भांडी आत यायची आणि घर होतं तसंच तुडुंब राहायचं.

गेल्या आठवड्यात काका ऑपरेशन होऊन घरी आले आणि त्यांचा वॉकर पॅसेजमधल्या ट्रंकांपाशी अडला. ट्रंका भरल्या होत्या याच भांड्यांनी. पलीकडे गॅलरीतली त्यांची लाडकी खुर्ची नुसती दिसत होती. अख्खं घर आवरणं काकूंना झेपणारं नव्हतं. मग त्यांनी ठरवलं, वॉकर जाईल एवढीच वाट करायची, बाकीचं राहू दे.

काकूंनी हात मागे घेतला. "पातेलं नको. उलट ट्रंकांमधली ही सगळी भांडी घेऊन जा. ट्रंकांसकट!"

"आन् बदल्यात काय देऊ?"

"काही म्हणजे काही नको!"

बोहारीण चक्रावली. "काकू, बरं वाटत न्हाई का?"

संध्याकाळी वॉकरची टकटक पॅसेजमधून न अडखळता गॅलरीपर्यंत गेली. खुर्ची करकरली. मग काकांची खणखणीत हाक आली, "अगं, चहा इकडेच आण! तुझाही आण, जागा झालीय!"