बाभळीवरची जर्सी

बाभळीला लुगडी लागली होती. लुगडी, परकर, शर्ट, टॉवेल, एक अख्खी मच्छरदाणी. सकाळच्या उन्हात सगळं झुलत होतं आणि राखीला वाटत होतं, गावच झाडावर चढून बसलंय नि पाय हलवत गप्पा मारतंय.

काल दुपारी चांदवडच्या डोंगराकडून वावटळ आली. पालापाचोळा उडवून दमणारी नेहमीची पोरकट वावटळ नव्हे. ही आभाळाला टेकलेली, काळी, गरगरणारी. तिनं अकरा घरांचे पत्रे पत्त्यांसारखे पिसले, कांद्याच्या चाळी आडव्या केल्या. राखीच्या घराचं छप्पर नेलं, मग आत हात घालून पेटीसकट गोधड्या उपसल्या. माणसं शाळेच्या स्लॅबखाली पळाली म्हणून वाचली.

आता काळूतात्या लांब आकडीनं एकेक कपडा झाडावरून उतरवत होता. उंच धरायचा नि ओरडायचा, "कुणाचं?" ज्याचं असेल त्यानं पुढं यायचं. डोक्यावर छप्पर नसलेली माणसं चक्क हसत होती. रडून रात्रीच झालं होतं.

"हा लेंगा कुणाचा? पाच भोकं हायेत!"

"नवनाथचा. त्याला हवेशीर लागतं."

"भोकं कालच्या वाऱ्यानं पाडली, तात्या!"

"वाऱ्याला लय कामं होती बाबा. तुझ्या लेंग्याकडं कधी बघणार तो?"

राखी हसली नाही. ती वर बघत होती. सगळ्यात उंच फांदीवर एक पिवळी जर्सी होती, चिखलानं माखलेली. वारा आला की ती फुगायची, बाह्या मागं टाकून पुढं झेपावायची. डोकं नाही, पाय नाहीत. नुसतंच पळणं.

आपलीच ती. राखीनं लांबूनच ओळखली.

शाळेतल्या छाया मॅडमनी ती दिली होती. रविवारी नाशिकला धावण्याची निवड चाचणी होती. निवड झाली की तिथंच राहायचं, तिथंच शिकायचं आणि रोज पळायचं! गेले तीन महिने राखी चारा आणायच्या निमित्तानं पाटाच्या कडेनं पळत होती. पळता पळता एक क्षण असा यायचा की पायाखाली जमीन आहे हेच ती विसरायची. पाटातलं पाणी थांबलेलं असायचं आणि वाहत असायची ती.

पण वडील, सोमनाथ, एकदाच बोलले होते. "पोरीनं चारचौघांत उघड्या पायांनी पळायचं नाय. विषय संपला." म्हणून जर्सी गोधड्यांच्या तळाशी गेली. रविवारी गुपचूप मॅडमच्या गाडीवर बसायचं, आल्यावर काय व्हायचं ते होऊ दे, असं राखीनं ठरवलं होतं.

आकडी वर गेली. जर्सी फांद्यांना ओरबाडत खाली आली.

"आता हे कुणाचं?" तात्यानं ती सोमनाथच्या छातीला लावून बघितली. "तुझं म्हणावं, तर एवढ्यात तुझं अर्धं पोट मावायचं."

"माझं कशाला आसंल? दिनेशच्या पोराचं बघा."

"आमचं नाय बा," दिनेश म्हणाला.

"मालक नाय ना? मग मी नेतो. ट्रॅक्टर पुसायला झालं."

गप्प राहिलं तर रविवार वाचत होता. मॅडमना काहीतरी सांगता आलं असतं. पण तात्यानं जर्सीचा बोळा केला नि काखेत मारला, आणि राखीला आपल्यालाच कुणीतरी चुरगाळल्यासारखं झालं. तिनं आजूबाजूला बघितलं. वाऱ्यानं सगळ्यांच्या पेट्या उघड्यावर आणल्या होत्या. कुणाचे परकर, कुणाची ठिगळं, कुणाचं बाळंतपणापासून जपलेलं दुपटं. सगळे आपापलं घेऊन चालले होते, आणि आभाळ काही कोसळत नव्हतं. जे कोसळायचं ते काल कोसळून झालं होतं.

"माझी हाय ती!"

आवाज इतका मोठा निघाला की तिची तीच दचकली. सोमनाथनं सावकाश मान वळवली.

"तुझी? तुला कशाला लागती?"

"पळायला."

सोमनाथ एक पाऊल पुढं आला. तेवढ्यात मागून कुणीतरी बोललं.

"ती तिची नाय. माझी हाय."

राखीची आई होती, लताबाई. सापडलेल्या वाट्या-चमचे पदरात धरून उभी. बायको चारचौघांत बोलतेय हे सोमनाथ पहिल्यांदाच ऐकत होता.

"काय वहिनी," तात्या खो खो हसला, "तुम्ही पळता का काय?"

"पळत होते."

सगळा घोळका हसला. आईला खोटं बोलताना राखीनं कधी ऐकलं नव्हतं, आणि आज आपल्यासाठी ती गावासमोर हसं करून घेत होती. राखी पुढं गेली, तात्याच्या काखेतून जर्सी ओढली नि झटकली. वाळलेला चिखल पोपडे होऊन गळाला.

कॉलर विरलेली होती. पिवळा रंग उडून पार सायीसारखा झाला होता. पाठीवरच्या अक्षरांना भेगा पडल्या होत्या, पण वाचता येत होती. नाशिक जिल्हा.

राखीच्या जर्सीवर नुसतं शाळेचं नाव होतं.

तिनं वर बघितलं. आई तिच्याकडं बघतच नव्हती. ती सोमनाथकडं बघत होती.

"तिची वेगळी हाय," लताबाई म्हणाली. "सकाळी बांधावर सापडली मला. धुऊन वाळत घातलीय. रविवारी लागंल तिला."