पाखराचा गळा

"कान लावा रानाला, रान लावील लळा,
हातानं मला दाखवा पाखराचा गळा."

बाईंचा तो आवाज ताईच्या मनात अजून जसाच्या तसा होता. चढ नाही, उतार नाही. पाटीवर ओढलेल्या रेघेसारखा सरळ. पोरं पाठीमागे त्याची नक्कल करायची. पण ओळ संपली की तळ्याकाठी अशी शांतता पसरायची, की लव्हाळ्याच्या शेंड्यावर चतुर येऊन बसला तरी कळावं.

पुढचा खेळ ठरलेला. डोळे मिटून ऐकायचं, मग ऐकलेला आवाज बोटानं हवेत काढून दाखवायचा. बाई समोर उभ्या राहून एकेकाला विचारायच्या. तेवढ्या वेळात त्यांची नजर पोरांवरून क्षणभरही हलायची नाही. दोघं एकदम बोलले की दोघंही गप्प.

"एकानं बोलायचं, आणि माझ्याकडे तोंड करून. झाडाला काय सांगतोस? त्याला माहीत आहे."

ताई तेव्हा दोन वेण्यांची, सारखं नाक ओढणारी चिमुरडी होती. पहिल्याच दिवशी तिनं भीत भीत बोट उचललं. सरळ वर, मग एक गिरकी, मग अलगद खाली. बाई बघतच राहिल्या.

"पुन्हा दाखव."

तिनं दाखवलं.

"अजून एकदा."

मग बाई मान वर करून झाडाच्या फांद्या धुंडाळत राहिल्या. पानांच्या गर्दीत काहीतरी पिवळंधमक हललं. "हळद्या," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी बाहीला डोळे पुसले. डोळ्यांवर ऊन आलं असेल, असं पोरांना वाटलं.

आता तीच चिमुरडी रानशाळेची ताई झाली होती. रानशाळा म्हणजे तळ्याकाठची पत्र्याची शेड, आत खिळ्यांना टांगलेल्या जुन्या दुर्बिणी, आणि दर शनिवारी सकाळी जमणारी आसपासची पोरं. गुडघे बोलायला लागले तेव्हा बाईंनी शेडची किल्ली ताईच्या हातात दिली होती. किल्लीबरोबर नियमही आले. एकानं बोलायचं, तोंड समोर, आवाज हातानं. ताईनं ते सगळे जपले. का, ते मात्र कधी विचारलं नाही.

आज ती बाईंना आणायला गेली ती मनाशी ठरवूनच. दार वाजवून वाजवून बोटं दुखली, आतून ओ नाही. शेवटी बाजूच्या खिडकीशी जाऊन तिनं हात हलवला, तेव्हा कुठे बाई हसत उठल्या. वय झालं, ताईच्या मनात आलं. त्यांचं, आणि आपलंही.

कारण ताईचे कान चालले होते. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. बारीक, उंच आवाज आधी जातात. यंत्र लावून माणसांचं बोलणं निभेल, पाखरांचं सांगता येत नाही. गेल्या शनिवारी पोरं "वटवट्या, ताई, वटवट्या" करत नाचली, आणि ताईनं निव्वळ शांततेला मान डोलावली. ती खोटी मान तिला आठवडाभर सलत होती.

शेडबाहेरच्या बाकावर दोघी बसल्या. पलीकडे पोरं डोळे मिटून बसली होती. एक-दोघं अर्थातच बोटांच्या फटीतून बघत होती.

"बाई, ही किल्ली परत घ्या," किल्ली दोघींच्या मध्ये बाकावर ठेवत ताई म्हणाली. "नोकरीतून वेळच होत नाही."

"माझे गुडघे मला एकटीला इथवर आणेनात, मी किल्ली घेऊन काय करू? दुसरं कोण आहे?"

"कोणी नाही."

"म्हणजे कुलूप."

"म्हणजे कुलूप," ताई हळूच म्हणाली.

बाईंनी तिला नीट न्याहाळलं. "नोकरी तीच, साहेब तोच. मग वेळ कुठे गेला?"

ताई बुटाच्या टोकानं माती उकरत राहिली.

"थापा मारायला तू लहानपणीही कच्चीच होतीस. मघापासून माझ्या डोळ्यांत बघत नाहीयेस, ओठांकडे बघतेयस. कधीपासून?"

"दोन हिवाळे झाले."

"कोणाला बोललीस?"

"कोणाला बोलू? पोरांच्या आया काय म्हणतील? पोरं पाण्याच्या काठाशी सोडायची, आणि सांभाळणारी बहिरी."

बाईंनी तोंड फिरवून तळ्याकडे पाहिलं.

त्या पुन्हा वळल्या तेव्हा ताई म्हणाली, "तुम्ही मला दिलंत ते सगळं कानांचं होतं, बाई. कानच गेल्यावर मी शिकवू काय?"

तेवढ्यात एक पोरगी टणाटण उड्या मारत आली. तिला सगळे नाकतोडीच म्हणत. नियमाप्रमाणे ती दोघींच्या समोर उभी राहिली, श्वास सावरला आणि बोट उचललं. सरळ वर, मग एक गिरकी, मग अलगद खाली.

ताईनं कान देऊन पाहिलं. काही नाही. पाणी हलत होतं, पानं हलत होती, सगळं मुकं.

"हळद्या," बाई म्हणाल्या. झाडाकडे त्यांनी मानसुद्धा वळवली नाही.

नाकतोडी खूश होऊन उड्या मारत परतली.

"बघा," ताई कडवट हसली. "या वयात तुम्हाला ऐकू आला. मला नाही."

बाईंनी तिचा हात ओढून मांडीवर घेतला. बाकावरची किल्ली तळव्यात ठेवून एकेक बोट मिटवलं. मग तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि त्या सपाट, सरळ आवाजात म्हणाल्या, "त्या नाकतोडीएवढी असताना तापात माझे दोन्ही कान गेले गं. हळद्या कसा गातो, ते मला पहिल्यांदा तूच दाखवलंस."